आयव्हसनांच्या मेंढ्यांचे कान

स्केल्डरडेलच्या खोऱ्यात मेंढी कुणाची हे तिच्या कानावरून ठरतं. संटरांच्या मेंढीच्या डाव्या कानाला टोकाशी चीर असते. रेनांच्या मेंढीच्या उजव्या कानाला मागच्या अंगानं खाच. कुणी कान तिरका छाटतं, कुणी भोक पाडतं. या सगळ्या खुणांचं एक छापील पुस्तक आहे, पानापानावर मेंढ्यांची चित्रं असलेलं. खोऱ्यात ते बायबलशेजारी ठेवतात, आणि खरं सांगायचं तर उघडतात बायबलपेक्षा जास्त वेळा. त्या पुस्तकात आयव्हसनांच्या पानावरच्या मेंढीचे दोन्ही कान मात्र अगदी साबूत आहेत. खांद्यावर एक तांबडा पट्टा, बाकी काही नाही.

"आयव्हसन कानाला सुरी लावत नाहीत." विनी आयव्हसन बोलायला शिकायच्या आधीपासून हे ऐकत आली होती आणि आता ती शहात्तर वर्षांची होती. त्यामागची हकिकतही तिला तोंडपाठ. १८२९ साली तिच्या खापरपणजोबांचा, म्हणजे मॅथ्यूचा, धाकटा भाऊ अँथनी पकडला गेला. संटरांच्या बारा मेंढ्या चोरल्या असा आळ. संटरांनी कोर्टात कान दाखवून धडधडीत खोटी साक्ष दिली आणि निरपराध पोरगा जन्माचा काळ्या पाण्यावर गेला, पार ऑस्ट्रेलियाला. मग मॅथ्यूनं शपथ घेतली म्हणे, की कानाच्या साक्षीनं माझा भाऊ गेला, आता माझ्या मेंढीच्या कानाला सुरी लागणार नाही. तेव्हापासून आयव्हसनांच्या मेंढ्या धडधाकट कानांनी डोंगरावर मिरवतात आणि आयव्हसन ताठ मानेनं त्यांच्या मागून चालतात. पुढे सरकारनं प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला टोचायची सक्ती केली, तेव्हा विनीचा थोरला भाऊ क्लिफर्ड तीन आठवडे कुणाशी धड बोलला नाही. बिल्ले शेवटी विनीनंच टोचले. क्लिफर्ड दगडी गडग्याकडे तोंड करून उभा राहिला, त्यामुळे मेंढ्या धरायला तिला रेनांच्या सुनेला बोलवावं लागलं. मेंढीच्या कानाचं काम एकट्यानं होत नाही. एक जण डोकं धरतो, दुसरा कान बघतो.

संटरांच्या बाजूनं ही हकिकत अर्थातच वेगळी होती आणि ती एका वाक्यात मावत होती. उन्हाळाभर सगळ्यांचे कळप डोंगरावर मोकळे चरतात, एकमेकांत मिसळतात. शरदात खाली आणले की प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या दोन-चार मेंढ्या निघतात. म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी 'रेड रॅम' या पबमागच्या वाड्यात चुकल्या मेंढ्यांचा मेळा भरतो. सगळे आपापल्याकडच्या परक्या मेंढ्या आणतात, कान बघतात, ज्याची त्याला देतात आणि मग आत जाऊन मटण-बटाट्याचं कढत कालवण चापतात. तर त्या मेळ्याला आयव्हसनांपैकी कुणी आलं की कोणीतरी हमखास म्हणायचं, "मेंढ्या मोजून घ्या रे, आयव्हसन आले." सगळे हसायचे. जवळजवळ दोनशे वर्षं हा एकच विनोद चालला होता आणि आयव्हसन सोडून कुणालाच त्याचा कंटाळा आला नव्हता. क्लिफर्डनं एक्केचाळीस वर्षांपूर्वी कानाला खडा लावला आणि मेळ्याला जाणं सोडलं. त्यानंतर विनी जायची. ती हसण्यावारी न्यायची. पण घरी येताना गाडीत एकटीच पुटपुटायची, आणि जे पुटपुटायची ते चॅपेलमध्ये शिकवलेलं नव्हतं.

विनीचं स्वतःचंही एक दुखणं या हकिकतीत अडकलेलं होतं. विसाव्या वर्षापासून ती एडविन संटरबरोबर दोन हिवाळे चॅपेलच्या सभागृहातल्या प्रत्येक नाचाला गेली होती. तिसऱ्या हिवाळ्याआधी बापानं तिला गोठ्यात बोलावलं आणि सांगितलं, की ज्यांनी अँथनीला बुडवलं त्यांच्या घरात आमची मुलगी जाणार नाही. तिनं ऐकलं. त्या काळी ऐकायचे. एडविननं पुढे मार्जोरीशी लग्न केलं. भली बाई होती, चार वर्षांपूर्वी गेली. लग्नाला विनीनं आल्याचा केक करून नेला होता. तो सगळाच्या सगळा संपला, एक तुकडाही परत आला नाही, हे तिच्या अजून लक्षात होतं.

आता क्लिफर्ड त्र्याऐंशीचा झाला होता. त्याचे खुबे कामातून गेले होते. मूलबाळ दोघांनाही नाही. आणि एडविनची नात नेल, एकोणतीस वर्षांची, दोन कुत्री आणि घोड्याची ताकद असलेली पोरगी, आयव्हसनांचा कळप आणि रान दोन्ही चालवायला घ्यायला तयार होती. दुसरं कुणी नव्हतं. तरी क्लिफर्डनं मेळ्यानंतरच्या सोमवारी ट्रक सांगून ठेवले होते. सगळा कळप बाजारात काढायचा.

"संटरांच्या हाती माझ्या मेंढीची शेपूटसुद्धा लागणार नाही," तो म्हणाला होता.

"अरे, पण मग डोंगर रिकामा पडेल."

"पडू दे."

मेंढ्यांच्या मुलखात हे बोलणं किती भयंकर आहे हे सांगायला नको, पण क्लिफर्डला ते सांगणार कोण. त्या डोंगराला कुंपण नाही. मेंढी तिथंच राहते, कारण तिची आई तिथं चरली आणि आईची आई तिथं चरली. कुठल्या ओढ्याशी थांबायचं, बर्फ आलं की कुठल्या कड्याच्या आडोशाला जायचं, हे कोकरू आईच्या मागं मागं फिरून शिकतं. एकदा का तो कळप मोडला, की बाहेरच्या मेंढ्या आणून सोडल्या तरी त्या तिथं टिकत नाहीत, चार दिवसांत दुसऱ्या खोऱ्यात निघून जातात. दोनशे वर्षांचं शहाणपण ट्रकमध्ये चढायचं आणि खाटकाकडे उतरायचं. विनीला त्या विचारानं अन्न गोड लागत नव्हतं. तिला नवरा नव्हता, पोरं नव्हती. खिडकीतून दिसणाऱ्या त्या एकशे ऐंशी मेंढ्या होत्या, आणि त्या तिच्या होत्या.

एकदाच, ऑगस्टमध्ये, क्लिफर्ड थोडा नरमला होता. विनी अँथनीचा माग काढतेय हे त्याला ठाऊक होतं. तिला चिडवायचाही त्यावरून. "सापडला का गं तुझा बुवा?" असं रोज चहाला विचारायचा. त्या दिवशी मात्र चिडवता चिडवता गंभीर झाला.

"बेड्यांत कुजून मेला असणार तो," क्लिफर्ड म्हणाला. "चोवीस वर्षांचं पोर. कुणी पाणी पाजायला नाही. तू मला दाखव विनी, की त्या माणसाच्या नशिबी एक, फक्त एक सुखाचा दिवस आला. मग मी त्या संटरांच्या पोरीशी बोलेन."

"शब्द देतोस?"

"दिला."

क्लिफर्डचा शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून विनी त्या एका दिवसाच्या मागं लागली होती.

खरं तर शोध सहा वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. बाजारगावच्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. विनी तिथं केक घेऊन गेली आणि अँथनीला घेऊन बाहेर पडली. यॉर्कच्या तुरुंगाच्या वहीत तो तिला सापडला होता. अँथनी आयव्हसन, चोवीस, मेंढपाळ. शिक्षा फाशी. मग 'फाशी'वर काट मारून पुढं 'जन्मठेप, समुद्रापार'. ती काट कुणाच्या सांगण्यावरून मारली ते लिहिलेलं नव्हतं. पुढे जहाज सापडलं, बेट सापडलं, टास्मानिया. तिथलं अक्षर मात्र तिला लागेना, मुंग्या मेल्यासारखं. शेवटी लॉर्ना क्विगली भेटली. भेटली म्हणजे पत्रातून. ही टास्मानियातली निवृत्त पोस्टमास्तरीण अँथनीच्या मुलीच्या वंशातली निघाली.

लॉर्नाचं लिहिणं फटकळ होतं. "तुम्ही तिकडं दोनशे वर्षं त्याच्यासाठी रडताय, ही गंमत आहे," तिनं लिहिलं. "आमच्याकडं त्याचं नाव काढायची चोरी होती. माझ्या आजीनं बायबलमधलं पानच कात्रीनं कापून चुलीत घातलं. आता वारं फिरलंय. आता ज्याच्या घराण्यात कैदी नाही तो तोंड लपवतो. माझ्या शेजारणीचे दोन आहेत, तिची ऐट बघवत नाही."

मेळ्याच्या आधीच्या मंगळवारी लॉर्नाची दोन पानं ई-मेलनं आली. वाचनालयातल्या मुलीनं ती छापून दिली आणि विनीनं ती बसथांब्यावर बसून वाचली. आधी पहिलं. मग दुसरं. मग परत पहिलं. बस आली आणि गेली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तरी तिनं मान वर केली नाही.

दुसरं पान सोन्यासारखं होतं. पहिलं पान घडी करून तिनं पर्सच्या तळाशी ठेवलं, औषधाच्या गोळ्यांखाली. घरी येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं. क्लिफर्डनं मागितला होता सुखाचा दिवस. तो दुसऱ्या पानावर होता. पहिल्या पानाचं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. यात खोटं काय आहे, असं तिनं स्वतःला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा उत्तर द्यायचं टाळलं.

क्लिफर्ड चुलीशी बसला होता, जिप नावाची म्हातारी कुत्री त्याच्या पायांवर. विनीनं चहा ओतला, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

"अँथनी आठ वर्षं एका जमीनदाराच्या मेंढ्या राखत होता," ती म्हणाली. "मग त्याला मोकळं फिरायचा परवाना मिळाला. आणखी सहा वर्षांनी माफी. त्यानं ब्रिजेट नावाच्या आयरिश बाईशी लग्न केलं. तीही कैदीच. एका चादरीसाठी सात वर्षं."

"चादरीसाठी?"

"एकच चादर. पाच मुलं झाली. थोरल्याचं नाव मॅथ्यू."

क्लिफर्डनं कप खाली ठेवला. "भावाचं नाव ठेवलं."

"हो." विनीनं पानावरून नजर हलवली नाही. "ओढ्याकाठी स्वतःचं घर, स्वतःच्या मेंढ्या. आणि हे ऐक. १८५८ सालच्या मेंढ्यांच्या प्रदर्शनात त्याच्या मेंढीला दुसरं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात छापलंय. 'ए. आयव्हसन यांनी परीक्षकांना मेंढीतलं काही कळत नाही असं जाहीरपणे सांगितलं आणि बक्षीस घ्यायला नकार दिला. सायंकाळी पत्नीच्या सांगण्यावरून ते परत येऊन बक्षीस घेऊन गेले.'"

क्लिफर्ड हसायला लागला. किती वर्षांनी हसत होता कुणास ठाऊक. खुबे दुखेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जिप उठून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"आपलाच," तो म्हणाला. "नक्की आपलाच तो. परीक्षकाला शिव्या घालून वर बक्षीस नेलं. कधी वारला?"

"एक्काहत्तरला. सहासष्टाव्या वर्षी. आपल्या घरात, आपल्या बिछान्यात."

"बिछान्यात." त्यानं बोटांनी डोळे पुसले. "बरं झालं गं बाई. फार बरं झालं." मग तो खुर्चीत ताठ बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज धर्मोपदेशकासारखा भरदार झाला होता. "शब्द दिलाय, पाळतो. शनिवारी मी मेळ्याला येतो. सगळ्यांसमोर उभा राहतो आणि सांगतो की संटरांनी आमच्या माणसाला खोटेपणानं बुडवलं, पण देवानं त्याला तारलं. म्हणून मी क्लिफर्ड आयव्हसन त्यांना माफ करतोय. आणि नेलला कळप देतोय."

विनीचा हात कपाच्या कानाशी थांबला.

झालं होतं. तिला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. कळप डोंगरावर राहणार, ट्रक येणार नाहीत, नेल येणार. आता नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. आणि शनिवारी एडविन संटर मेळ्यातल्या त्याच्या नेहमीच्या बाकावर बसून ही माफी ऐकणार होता, मान खाली घालून. तो माणूस कधी कुणाला उलटून बोलत नसे. चोपन्न वर्षांपूर्वीही बोलला नव्हता. 'ठीक आहे विनी' म्हणाला होता आणि टोपी घालून निघून गेला होता. विनीला एकदम राग आला, भावाचा, बापाचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"क्लिफ," ती म्हणाली, "माफ बिफ करू नकोस."

"का?"

तिनं पर्समधल्या गोळ्या बाजूला सारल्या, पहिलं पान काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "ते लोक बेटावर उतरले की कारकून प्रत्येकाला विचारायचा, काय केलंस, खरं सांग. आणि ते सांगतील तसं लिहून घ्यायचा. हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे."

क्लिफर्डनं भिंग घेतलं. तो सावकाश, ओठ हलवत वाचत होता, आणि तो कुठल्या शब्दापाशी आहे हे विनीला कळत होतं. कारण तिला ते पाठ झालं होतं.

'बारा मेंढ्या, मालक जॉर्ज संटर. मी आणि माझा भाऊ मॅथ्यू यांनी आणल्या. त्यानं धरल्या, मी कान कापले. आमच्याविरुद्ध वॉरंट निघाल्यावर भावानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्याला सोडलं. मला फाशी सांगितली होती. जॉर्ज संटरनं न्यायाधीशाला अर्ज करून माझा जीव मागून घेतला.'

चुलीत लाकूड फुटलं. क्लिफर्ड ते पान खाली ठेवीना. तो मेंढ्यांतला माणूस होता, त्याला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि हवेत एका कानाचा शेंडा धरल्यासारखा थांबला.

"संटरांची चीर टोकाला," तो म्हणाला. "शेंडा उडवला की चीर जाते. कापलेल्या कानाची खूण म्हणजे आपली. तेव्हा आपलीही खूण होती तर."

"असणार."

"धरायला माणूस लागतो, विनी. बारा मेंढ्या. एकट्याचं काम नाही ते." त्याचा आवाज अगदी खाली आला. "पाच वर्षांच्या पोराला कळतं या खोऱ्यात. मी आयुष्यभर मेंढ्या धरल्या आणि एकदाही विचारलं नाही, की त्या दिवशी कुणी धरल्या. बाबांनी विचारलं नाही. आजोबांनी नाही."

"आपल्याला सांगितलेलं पुरलं."

"शपथ." तो कडवट हसला. "शपथ नव्हती ती. मॅथ्यूच्यानं परत कान कापायला मेंढी धरवली नसेल." मग तो काठी टेकत उठला, जिपला हाक मारली आणि वर झोपायला गेला. संध्याकाळचे पाच वाजले होते.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारही. क्लिफर्ड जेवत होता, कुत्रीला खायला घालत होता, हवामानाबद्दल बोलत होता. त्या पानाबद्दल अवाक्षर नाही, कळपाबद्दल नाही, ट्रकबद्दल नाही. विनीनं विचारलं नाही. हातचं सगळं आपणच घालवलं, असं तिला वाटत होतं. अभिमानावर जगलेल्या माणसाचा अभिमान काढून घेतला तर तो उदार होत नाही, मोडतो. ती रोज सकाळी खिडकीशी उभी राहून डोंगरावरचे तांबडे पट्टे बघायची आणि सोमवारपर्यंतचे दिवस मोजायची.

शनिवारी सकाळी ती संटरांची एक चुकार मेंढी गाडीच्या मागच्या पिंजऱ्यात चढवत होती, तेवढ्यात क्लिफर्ड बाहेर आला. दाढी केलेली, स्वच्छ कॉलर, बापाचा टाय.

"सरक," तो म्हणाला. "मी पुढं बसतो."

"काय बोलणार आहेस तिथं?"

"गाडी चालव."

'रेड रॅम'मागच्या वाड्यात धुकं होतं आणि चाळीस-पन्नास माणसं. मेंढ्या ओरडत होत्या, कुत्री गडग्यावर चढून बसली होती. क्लिफर्ड काठी टेकत फाटकातून आत आला तशी बोलणी हळूहळू थांबली. जॉस रेन म्हणून एक तोंडाळ म्हातारा होता. खरं तर त्याला बोलायचं नसावं, पण पन्नास वर्षांची सवय. त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"मेंढ्या मोजून घ्या रे, आयव्हसन आले."

या वेळी कुणी हसलं नाही.

"मोजा," क्लिफर्ड म्हणाला. "नीट मोजा. आणि चोरही मोजा, ते दोन होते. एकानं मेंढ्या धरल्या, एकानं कान कापले. कापणारा गेला. धरणाऱ्यानं सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली आणि तो घरी राहिला. आम्ही त्याचे." त्यानं दम घेतला. "त्या पोराला फाशी व्हायची होती. ती जॉर्ज संटरनं टाळली. ज्याच्या मेंढ्या गेल्या, त्यानंच त्याचा जीव मागून घेतला. आमच्या घरात हे एकाला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. बाकीच्यांनी विचारलं नाही. मी विचारलं नाही. तर संटरहो, चूक झाली."

तो नेलकडे वळला. ती एका मेंढीचा कान हातात धरून तशीच उभी होती.

"ट्रकवाल्याला काल नको म्हणून कळवलंय. तुला अजून हवं असेल तर मंगळवारी ये. कुत्री घेऊन ये. वरच्या ओढ्याशी बर्फात त्या कुठं थांबतात ते दाखवतो, मला चालवेल तोवर."

"येते, मिस्टर आयव्हसन," नेल म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "खूण रानाबरोबर नव्या मालकाकडे जाते. तुमच्या मेंढ्यांचे कान तसेच ठेवू?"

क्लिफर्डनं विचार केला. घाईनं उत्तर द्यायची त्याची रीत नव्हतीच.

"तसेच ठेव," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर खरं कारण सांग."

जॉस रेननं टोपी काढून डोकं खाजवलं, आता पुढच्या वर्षी काय म्हणायचं याची त्याला पंचाईत पडली असावी. मग त्यानंच क्लिफर्डला दंडाला धरून आत नेलं आणि चुलीजवळची खुर्ची दिली. कालवणाचा वास सुटला होता. माणसं पुन्हा कान बघायला लागली.

एडविन संटर गडग्याला लागून असलेल्या बाकावर बसला होता. हल्ली त्याला कमी ऐकू यायचं आणि मेंढ्यांच्या गलक्यात तर मुळीच नाही. विनी त्याची चुकलेली मेंढी घेऊन समोर आली, तेव्हा त्यानं कानामागं हात धरला.

"काय म्हणाला गं क्लिफर्ड? सगळे एकदम गप्प का झाले?"

म्हणजे तिलाच पुन्हा सांगावं लागणार होतं. विनी वाकली आणि त्याच्या कानाशी, एकेक शब्द सुटा करून, तिनं सगळं सांगितलं. मॅथ्यूनं धरल्या. साक्ष त्याचीच. फाशी तुमच्या जॉर्जनं टाळली.

एडविननं ऐकून घेतलं. त्याची नजर मेंढीच्या चिरलेल्या कानावर होती.

"म्हणजे आम्ही काही केलंच नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"दोनशे वर्षं."

"एकशे चौऱ्याण्णव," विनी म्हणाली.

"त्यातली चोपन्न आपली," एडविन म्हणाला.

तो बाकावर थोडा सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचं दव त्यानं बाहीनं पुसलं. ती बसली.